चढाला गाडी मिसिंग मारतेय? आधी प्लगचा गॅप बघा

माझं ठाण्यात, कोपरीला, छोटं गॅरेज आहे. घोडबंदरवरून येणाऱ्या गिऱ्हाइकांची तक्रार ठरलेली: "गायमुखच्या चढाला झटके देते, पेट्रोलवर टाकली की बरी चालते." सीएनजीची गाडी असेल तर मी आधी स्पार्क प्लग, म्हणजे ठिणगी पाडून इंधन पेटवणारा भाग, काढतो. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. त्यात प्लग झिजून गॅप, म्हणजे ठिणगी उडते त्या दोन इलेक्ट्रोडमधली फट, वाढला, की लोड आल्यावर ठिणगी दगा देते आणि प्लगला व्होल्टेज देणारी कॉइलही पिचते.

गॅप गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलाय तोच ठेवायचा. बहुतेक गाड्या ०.७ ते १.१ मिलिमीटरमध्ये बसतात, पण शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्याला चालत नाही. नवा प्लग खोक्यातून काढला तरी मोजायचाच. हातातून पडलेला असला तर काय सांगावं!

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. इंजिनच्या वरच्या भागातून, म्हणजे गरम ॲल्युमिनियम हेडमधून, प्लग ओढलात तर आटे जातात, मग दोनशेचं काम हजारांवर. प्लगभोवतीची धूळ हवा मारून उडवा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. एका वेळी एकच प्लग काढा, म्हणजे वायरींची अदलाबदल होत नाही.

आता फिलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पात्यांचं माप, घ्या आणि मॅन्युअलमधल्या आकड्याची पाती गॅपमध्ये घाला. ती किंचित घासत सरकली पाहिजे. सैल जात असेल तर प्लगचं टोक लाकडावर हलकेच टेकवून वरचा वाकडा इलेक्ट्रोड दाबा. अडकत असेल तर गेजच्या खाचेत धरून तोच जरा उचला. मधल्या इलेक्ट्रोडला टेकू देऊन काही करू नका, त्याच्याभोवतीच्या चिनीमातीला चीर जाते.

जुन्या प्लगमध्ये एक गंमत असते. वाकड्या इलेक्ट्रोडला आतून खड्डा पडलेला असतो. चपटी पाती त्यावरून सरकते, गॅप बरोबर वाटतो, खरा मात्र जास्त असतो. तिथे तारेचं गेज वापरा, त्यात पात्यांऐवजी ठरावीक जाडीच्या तारा असतात. इलेक्ट्रोडच्या कडा गोल झाल्या असतील तर मोजत बसू नका, प्लग टाकून द्या. प्लग इरिडियम धातूच्या टोकाचा असेल तर नुसता तारेच्या गेजने तपासा. त्याचं मधलं टोक इतकं बारीक असतं की वाकवावाकवीत तेच तुटतं.

बसवताना आधी हातानेच फिरवा, आटे तिरके धरले तर लगेच कळतं. वॉशर असलेला १४ मिलिमीटरचा नवा प्लग टेकला, की पाना अर्धा ते दोन तृतीयांश फेरा फिरवा. जुन्याचा वॉशर आधीच दबलेला, त्याला फेऱ्याचा बारावा भाग पुरतो.