पाणलोटाच्या मॉडेलची वही: आधी नोंद, मग कॅलिब्रेशन

स्वॉट (पाणलोटातल्या पावसावरून नदीचा प्रवाह काढणारं संगणकीय मॉडेल) किंवा तत्सम मॉडेलवर प्रबंध करणारे बहुतेक जण नोंदी शेवटच्या सहामाहीवर ढकलतात. तेव्हा लिहिलेल्या नोंदींत जमलेलं तेवढंच उरतं. काय करून पाहिलं आणि का सोडलं, हे पुसलं जातं. तोंडी परीक्षेत मात्र नेमकं तेच विचारतात.

मांडणीसाठी 2010 साली सुचवलेली आणि 2014 मध्ये सुधारलेली ‘ट्रेस’ ही मॉडेलच्या नोंदी ठेवण्याची चौकट घ्या. प्रश्न, मॉडेलचं वर्णन, विदेची (डेटाची) पारख, गृहीतकं, कोडची तपासणी, निकाल जुळवणं, संवेदनशीलता आणि स्वतंत्र डेटाशी पडताळा असे तिचे आठ भाग आहेत. रोजची वही तारखेनुसार ठेवा आणि प्रत्येक नोंदीला यातला एक भाग लावा. प्रबंधाच्या वेळी गाळून घेणं सोपं जातं.

सगळ्यात जास्त पानं विदेला द्या, कारण घोळ तिथेच होतात. हवामान खात्याचा दैनंदिन पाऊस सकाळी साडेआठपर्यंतच्या 24 तासांचा असतो. 10 तारखेला दुपारी कोसळलेला पाऊस 11 तारखेखाली येतो. मॉडेल तो 11 तारखेलाच पाडतं, मग नदीचा पूरही एक दिवस उशिरा येतो. नवखा माणूस तो उशीर सरलॅग (वाहून येणारं पाणी नदीत किती उशिरा पोचतं ते ठरवणारा पॅरामीटर) बदलून झाकायला जातो आणि भलत्याच पॅरामीटरच्या माथी दोष जातो. तारखा सरकवल्या की नाही, ही एक ओळ वहीत हवीच.

हवामान खात्याच्या ग्रिड फायलीत (नकाशाच्या चौकटीगणिक आकडे असलेल्या) गहाळ पावसाला -999 असतं, गहाळ तापमानाला 99.9. पहिला आकडा स्वॉट गहाळ समजून स्वतःच्या हवामान जनित्रातून पाऊस भरतं, दुसरा खरं तापमान म्हणून गिळतं. दोन्ही वेळा रन (मॉडेलची एक चालवणी) बिनतक्रार पूर्ण होतो, म्हणूनच हे धोक्याचं. किती दिवस बदलले ते मोजून लिहा.

एककंही तशीच. जलसंपदाचे आकडे कधी टीएमसीत (अब्ज घनफूट), कधी दलघमीत (दशलक्ष घनमीटर) येतात. 1 टीएमसी म्हणजे 28.32 दलघमी. विसर्ग क्युसेकमध्ये (घनफूट प्रतिसेकंद) मिळतो, मॉडेलला घनमीटर प्रतिसेकंद लागतं, म्हणजे 35.31 ने भागायचं.

कॅलिब्रेशनची, म्हणजे मॉडेलचा प्रवाह मोजलेल्या प्रवाहाशी जुळवण्याची, नोंद साधारण अशी दिसावी:

‘रन 41. सीएन2 सर्वत्र 8 टक्के खाली. कारण: जूनच्या पहिल्या सरींतच पूर येतोय. नॅश-सटक्लिफ 0.48 वरून 0.57, पण सप्टेंबरचा प्रवाह पडला. तूर्त ठेवला.’

यात सीएन2 म्हणजे पावसातलं किती पाणी वाहून जाईल ते ठरवणारा आकडा, आणि नॅश-सटक्लिफ म्हणजे मॉडेल मोजणीशी किती जुळतं त्याचा गुण; 1 म्हणजे पूर्ण जुळणी. शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे, निर्णय अजून पक्का नाही हे ते सांगतात. मासिक प्रवाहाला हा गुण 0.5 च्या वर गेला की चालतं, असा 2007 पासूनचा रूढ संकेत आहे. त्यावर समाधान मानण्याआधी मोजणी केंद्राच्या वर धरण आहे का ते पाहा. पुण्याजवळच्या खडकवासला धरणाखालचा प्रवाह पावसाइतकाच दरवाजे ठरवतात.

फोल्डरला ‘फायनल_नवीन_2’ नाव देऊ नका. वहीतला रन क्रमांकच फोल्डरला द्या आणि फसलेले रनही ठेवा.