घरून काम करणारे लोक मुलाखतीसाठी कसे शोधावेत

संशोधनाचा प्रश्न आणि संमतीपत्र तयार आहे, असे गृहीत धरतो. आधी ‘घरून काम’ म्हणजे नेमके काय, ते एका वाक्यात लिहा. आठवड्यातून दोन दिवस लॅपटॉप घेऊन घरी बसणारा पगारी कर्मचारी आणि नगावर मजुरी घेऊन घरीच शिवणकाम करणारी बाई यांना एका यादीत घालू नका. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९९६ सालचा १७७ क्रमांकाचा करारही अधूनमधून घरून काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला गृहकामगार (मोबदला घेऊन आपल्याच घरी काम करणारा) मानत नाही.

खरी अडचण पुढे येते. घरून काम करणारा माणूस कारखान्याच्या किंवा कार्यालयाच्या फाटकाशी भेटत नाही, म्हणून सगळे जण ‘ओळखीतून ओळख काढा’ असे सांगतात. हा सल्ला अर्धवट आहे. एका अभ्यासात मी एकाच परिचितापासून सुरुवात केली आणि सातव्या मुलाखतीत समोरची व्यक्ती म्हणाली, “हे तुम्हाला आधीच्यांनी सांगितलंच असेल.” त्या सातही जणांचा व्यवसाय एकच होता आणि प्रत्येकाकडे दार लावून घेता येईल अशी वेगळी खोली होती, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर काम करणारे कोणी माझ्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

संख्याशास्त्रज्ञ लिओ गुडमन यांनी १९६१ साली ओळखीतून ओळख काढण्याची ही ‘स्नोबॉल’ पद्धत मांडली, तेव्हा पहिली माणसे यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, निवडायची होती आणि प्रत्येकाने किती नावे द्यायची तेही ठरलेले होते. आज या दोन्ही अटी सर्रास गाळल्या जातात. यादृच्छिक निवड जमत नसेल, तर निदान एकमेकांना न ओळखणाऱ्या, वेगवेगळ्या व्यवसायांतल्या पाच जणांपासून सुरुवात करा, प्रत्येकाकडून दोनच नावे घ्या आणि “तुमच्यापेक्षा वेगळ्या परिस्थितीत घरून काम करणारं कोण आहे?” असेच विचारा. कोण कोणामार्फत आले, हे वहीत नोंदवत जा. परस्पर दूरध्वनी क्रमांक मात्र मुळीच घेऊ नका. अभ्यासाची माहिती देणारे आपले निवेदन पुढे पाठवायला सांगा, म्हणजे ज्याला बोलायचे आहे तो स्वतः संपर्क करील.

वरिष्ठांमार्फत माणसे मिळवणे सोपे वाटते, पण मी ते कटाक्षाने टाळतो, कारण साहेबांनी पाठवलेला माणूस साहेबांना चालेल तेवढेच बोलतो.

संपर्क करणारा माणूस सुरुवातीला लिहिलेल्या व्याख्येत बसतो का, याची खातरजमा पाच मिनिटांच्या फोनवर होते. त्याच फोनवर, मुलाखतीच्या वेळी घरात आणखी कोण असेल, हेही विचारून घ्या आणि त्यानुसार वेळ ठरवा.