३०/१५ की ४×८? इंटरव्हल निवडताना

वर्षानुवर्षे नेमाने सायकल चालवणाऱ्यांना नुसते किलोमीटर वाढवून दम वाढत नाही. आठवड्यातून दोनदा इंटरव्हल, म्हणजे आलटून-पालटून जोराचे आणि हलके तुकडे, हवेत, मध्ये किमान एक दिवस हलका. आधी एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकेल तेवढा जोर, वॉटमध्ये काढा: वॉर्मअपनंतर २० मिनिटे एकसारखा टिकेल तेवढा जोर लावायचा आणि सरासरी वॉटला ०.९५ने गुणायचे.

४×८ म्हणजे आठ मिनिटांचे चार तुकडे, मध्ये दोन-दोन मिनिटे हलके पेडल. जोर एफटीपीच्या १०० ते १०५ टक्के. २५० वॉटवाल्याने २६० पार करू नये. ताशी ३५च्या वेगाने एका तुकड्याला साडेचार किलोमीटरहून जास्त रस्ता लागतो, तोही सिग्नलविना. नागपुरात सेमिनरी हिल्सचा चढ त्याला पुरत नाही. पहाटे काटोल रोडने शहराबाहेर पडा.

३०/१५मध्ये ३० सेकंद जोर, १५ सेकंद त्याच्या निम्मा, असे १३ वेळा. तीन सेट, मध्ये तीन मिनिटे. सुरुवात एफटीपीच्या ११५ टक्क्यांनी करा. नॉर्वेचे क्रीडा-संशोधक रोनेस्टाड यांनी हाच प्रकार ४×५ मिनिटांशी ताडून पाहिला. दहा आठवड्यांनी ३०/१५वाले पुढे निघाले. सायकलपटू मोजकेच होते, पण सगळे तयारीचे, म्हणून आम्ही त्याला वजन देतो.

बिघडते ते बहुधा तीन ठिकाणी. १५ सेकंदांत पेडल थांबवले, की ऑक्सिजनचा वापर खाली येतो आणि सेटचा हेतूच जातो. ३० सेकंदांत हार्ट रेट पाहून जोर ठरवू नका, तो मागाहून चढतो, वॉट पाहा. ट्रेनरवर, म्हणजे घरात सायकल बसवून चालवायच्या यंत्रावर, ठरलेला वॉट आपोआप धरून ठेवणारा ईआरजी मोड बंद ठेवा, इतक्या झटपट बदलांना तो उशिरा पोचतो. गिअर स्वतः बदला.

मे महिन्यात ट्रेनर हाच पर्याय उरतो, पण बंद खोलीत कूलर लावू नका. हवा दमट होते, घाम वाळत नाही आणि त्याच वॉटला हार्ट रेट वर सरकत जातो. खिडक्या उघड्या, समोर मोठा पंखा, तासाला ७५० मिली मीठ-साखरेचे पाणी.

आमचे मत: पहिले तीन आठवडे ४×८, कारण जोर सांभाळायची सवय त्यातच लागते. मग तीन आठवडे ३०/१५. शेवटच्या सेटची सरासरी पहिल्यापेक्षा पाच टक्क्यांहून जास्त घसरली, तर पुढच्या वेळी १० वॉट कमी करून सुरू करा.