"काका, प्रीमियम टाकू ना?" : साध्या गाडीत प्रीमियम पेट्रोल टाकायचं का नाही, हे आपलं आपण कसं ठरवायचं

पंपावर गाडी लावून काच खाली करतो न करतो तोच पोरगं विचारतं, "काका, प्रीमियम टाकू ना?" सगळी गोम त्या "ना" मधे आहे. आपण फोनवर बोलत असतो, मान हलवतो, आणि दोन हजाराच्या पेट्रोलमागं सव्वाशे-दीडशे रुपये कशासाठी गेले ते घरी येईपर्यंत कळत नाही.

मी परभणीचा. महाग पेट्रोलचं आम्हाला नवल राहिलेलं नाही, मनमाडजवळच्या पानेवाडीहून टँकर येतो, तीनेकशे किलोमीटरचं भाडं आमच्याच खिशातून, त्यामुळं राज्यात पेट्रोल महाग झालं म्हणलं की टीव्हीवर परभणीचा पंप दाखवणार. फेब्रुवारी २०२१ मध्ये आमच्याकडं शंभरी आधी ओलांडली ती पण ह्या प्रीमियमनंच, साधं तेव्हा शंभराच्या आत होतं. तर एवढं महाग पेट्रोल टाकायलोत आपण, वरून लिटरमागं अजून सात-आठ रुपये कामून द्यायचे, हे एकदा नीट बघितलं पाहिजे म्हणून मी दोन उन्हाळे ह्याच्या मागं लागलो होतो. जे कळलं ते सांगतो.

आधी ऑक्टेन म्हणजे काय ते बघा, कारण नव्वद टक्के गोंधळ तिथंच आहे. इंजिनात पेट्रोल आणि हवा दाबली जाते, मग प्लगची ठिणगी पडते आणि ते पेटतं. पण दाब जास्त झाला, इंजिन तापलेलं असलं तर ठिणगीची ज्वाळ पोचायची वाट न बघता काही पेट्रोल आपोआप भडकतं, त्याला नॉकिंग म्हणतात. ज्वाळ पोचेपर्यंत पेट्रोल किती दम धरतं त्याचा आकडा म्हणजे ऑक्टेन. बस, एवढंच. जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त ताकद असं काही नसतं, एका लिटरमधली उष्णता त्यानं वाढत नाही. ज्या इंजिनात दाबच कमी आहे तिथं जास्त दम धरणारं पेट्रोल टाकून काय करणार, म्हशीला रेसचा खुराक दिल्यासारखं.

आता ह्यातली गंमत ऐका. सरकारनंच ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं की पूर्वी साधं पेट्रोल ८८ ऑक्टेनचं होतं, बीएस-६ साठी, म्हणजे गाडीच्या धुराच्या नव्या सरकारी नियमासाठी, ते ९१ झालं आणि २० टक्के इथेनॉल मिसळल्यावर ९५ ला गेलं. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन १०८ च्या वर आहे म्हणून. म्हणजे कालपर्यंत ज्या ९५ साठी आपण जास्तीचे पैसे मोजत होतो ते ९५ आता साध्या नळीतूनच येतंय. मग ९५ च्या प्रीमियममधे उरलं काय, तर अ‍ॅडिटिव्ह, इंजिन आतून साफ ठेवायचं औषध. ते अगदीच बोगस नसतं, पण त्याच्याबद्दल पुढं सांगतो.

पहिलं काम, पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडा. पंपावरचं पोरगं रोज उघडतं, आपण कधी बघतच नाही. बाहेरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला स्टिकर असतं, त्यावर कोणतं पेट्रोल चालतं ते लिहिलेलं असतं, नसलं तर डॅशबोर्डातलं ते प्लास्टिकच्या पिशवीतलं पुस्तक काढा. ९१ लिहिलं असलं किंवा नुसतं अनलेडेड लिहिलं असलं तर विषय तिथंच जवळपास संपला. काही टर्बो गाड्यांवर, जर्मन गाड्यांवर ९५ नाहीतर ९८ असतं. तिथं नीट वाचायचं की "किमान" आहे का "शिफारस" आहे. किमान असलं तर त्याच्या खाली जायचंच नाही. शिफारस असलं तर खाली गेलात तरी इंजिनातला नॉक सेन्सर ठिणगीची वेळ थोडी मागं घेतो, गाडी चालते, फक्त जोर आणि अ‍ॅव्हरेज थोडं कमी मिळतं.

हे थोडं म्हणजे किती? अमेरिकेतल्या एएए ह्या वाहनधारकांच्या संघटनेनं २०१६ मध्ये साध्या पेट्रोलसाठी बनलेल्या गाड्यांत प्रीमियम टाकून बघितलं, ताकद, मायलेज, धूर कशातच म्हणावा असा फरक आला नाही. दुसऱ्या वर्षी त्यांनी ज्यांना प्रीमियमची शिफारस आहे अशा गाड्या घेतल्या, त्यात मायलेज सरासरी २.७ टक्के वाढलं. म्हणजे ज्या गाड्या मागतात त्यांनासुद्धा एवढंच. आणि हो, अमेरिकन व्हिडिओ बघून भांडू नका, तिथला ऑक्टेन वेगळ्या पद्धतीनं मोजतात, तिथलं साधं ८७ म्हणजे आपलं साधारण ९१. आमच्या मेव्हण्यांनी ह्यावरून लग्नात अर्धा तास वाद घातला होता, पंगत उठली तरी चालूच.

आता हिशोब. समजा साधं १०५ आणि प्रीमियम ११३, तुमच्या गावचा भाव टाकून घ्या. ८ रुपये म्हणजे साडेसात टक्क्यांच्या वर. म्हणजे १६ चं अ‍ॅव्हरेज देणारी गाडी प्रीमियमवर १७.२ ला गेली तर आपण बरोबरीत आलो, फायद्यात नाही, बरोबरीत. महिन्याला हजार किलोमीटर गाडी फिरत असेल तर साडेबासष्ट लिटर, पाचशे रुपये जास्त, वर्षाचे सहा हजार. सहा हजारात ऑईल, एअर फिल्टर, प्लग, वर व्हील अलाइनमेंट होऊन चहापाण्याला पैसे उरतात. १०० ऑक्टेनचं तर बोलूच नका, डिसेंबर २०२० ला ते दिल्लीत निघालं तेव्हाच १६० रुपये लिटर होतं, ते मोठ्या गाड्यांचं आणि मोठ्या बाईकचं काम आहे.

तरी एखाद्याला वाटतं की माझ्या गाडीत फरक पडतो. पडत असेल, मग मोजून दाखवा. मोजायची पद्धत अशी, एकच पंप, एकच नळी, आणि पहिला ऑटो कट झाला, म्हणजे टाकी भरून नळी आपोआप बंद झाली, की थांबायचं, "अजून थोडं राऊंड करा" म्हणायचं नाही. ट्रिप मीटर झिरो करायचं. पुढच्या वेळी परत तिथंच ऑटो कटपर्यंत भरायचं, किलोमीटर भागिले लिटर. डॅशबोर्डवरच्या आकड्यावर जाऊ नका, तो बऱ्याचदा मनाचं बोलतो. टायरमधली हवा दर वेळी सारखी ठेवायची, आणि साध्याच्या तीन टाक्या, प्रीमियमच्या तीन टाक्या झाल्याशिवाय बोलायचं नाही.

मी हे केलं. गाडी माझी २०१४ ची, १२०० सीसीची हॅचबॅक. डॅशबोर्डाच्या कप्प्यात दूधवाल्याच्या हिशोबाची अर्धी उरलेली डायरी होती त्यात लिहिलं, साध्यावर १६.४, १५.९, १६.६ आणि प्रीमियमवर १६.५, १६.१, १६.८. वरवर वाटतं प्रीमियम जिंकलं, पण सरासरी काढली तर फरक जेमतेम एक टक्का, आणि ऑटो कट कधी जरा लवकर होतो कधी उशिरा, तीस लिटरमधे अर्धा लिटर इकडं-तिकडं झालं तरी दीड टक्क्याची चूक होते. म्हणजे माझा फायदा माझ्या चुकीपेक्षा लहान. प्रीमियमच्या एका टाकीत तर सगळं नांदेडला जाणं-येणं होतं, गावातलं सिग्नलचं काहीच नाही, तरी एवढंच. बायकोनं डायरी बघून विचारलं, ह्याच्यात दूध कुठंय.

ह्या सगळ्यात कान सोडू नका, कारण एक गाडी अशी असते जिला खरंच जास्त ऑक्टेनची गरज पडते, ती म्हणजे नॉक करणारी गाडी. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, गाडीत पाच माणसं, एसी फुल, समोर चढ, आणि वरच्या गिअरमधेच दामटायची सवय, नॉकिंगला अजून काय पाहिजे. ओळखायचं असं, चढावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमधे असताना एसीचा पंखा बंद करा, काच खाली घ्या, कठड्याच्या कडेनं जा म्हणजे आवाज परत येतो, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबा. पत्र्याच्या डब्यात फुटाणे हलवल्यासारखा बारीक खडखड आवाज आला की तेच ते. आधी गिअर एक खाली टाकून बघा, आवाज गेला तर चूक पेट्रोलची नाही, आपल्या पायाची आहे.

गिअर खाली टाकूनही जात नसेल तर एक टाकी ९५ चं प्रीमियम टाकून बघायला हरकत नाही, पण तेवढ्यावर थांबू नका. माझं झालं ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी मेमधे तुळजापूरला निघालो होतो, मांजरसुंब्याच्या घाटात हा आवाज सुरू झाला, डिक्कीत आंब्याची पेटी, मागं आई आणि तिच्या दोन बहिणी. मला वाटलं पेट्रोल खराब, बीडला परत येऊन प्रीमियम टाकलं, आवाज थोडा दबला पण गेला नाही. मग रस्त्याकडच्या एका मिस्त्रीनं बॉनेट उघडून एक प्लग काढला, फडक्यानं पुसला आणि माझ्या हातावर ठेवला. प्लगचं टोक चुन्यासारखं पांढरं पडलेलं. म्हणाला, "दादा, हा प्लग ह्या गाडीचा नाहीच, हा गरम चालतो. तुम्ही पेट्रोल काय बदलायलेत." आधीच्या सर्व्हिसिंगला कोणीतरी वेगळ्याच नंबरचे प्लग बसवून दिले होते, कूलंटची बाटली पण तळाला गेलेली. प्लग बदलले, कूलंट भरलं, त्याच घाटातनं पुन्हा गेलो तर गाडी साध्यावर सुद्धा गप्प. मावशी मात्र आजपर्यंत म्हणते देवीनं तारलं.

म्हणून नॉकिंग असलं तर प्लगचा नंबर, कूलंट, इंजिनातला कार्बन आधी बघून घ्या, प्रीमियम म्हणजे तोवरची पट्टी.

आता ते अ‍ॅडिटिव्ह. इंजेक्टर आणि वॉल्व्हवर काजळी बसते, प्रीमियममधलं औषध ती बसू देत नाही किंवा हळूहळू काढतं. पण हळूहळू म्हणजे सारखं टाकत राहिलं तर, "तीन महिन्यातून एक टाकी मारली की इंजिन साफ" हे गोळी एकच घेऊन ताप जायची वाट बघण्यासारखं आहे. दुसरं म्हणजे ज्या गाड्यांत पेट्रोल थेट सिलेंडरमधे उडतं, डायरेक्ट इंजेक्शन, तिथं पेट्रोलचा त्या वॉल्व्हला स्पर्शच होत नाही तर धुणार कसं. अर्धं साधं अर्धं प्रीमियम केलं तर काही बिघडत नाही, फक्त औषध अर्धं होतं.

इथेनॉलची भीती वाटून प्रीमियमकडं वळणारे पण लई आहेत सध्या. इथेनॉलमधे पेट्रोलपेक्षा उष्णता साधारण एक तृतीयांश कमी, त्यामुळं अ‍ॅव्हरेज पडतं हे खरं आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या चारचाकीला ६-७ टक्के आणि टूव्हीलरला ३-४ टक्के घट धरलेली होती. पण ९५ च्या प्रीमियममधेही इथेनॉल असतंच, त्यानं सुटका होत नाही. (आपलाच ऊस, आपलंच जायकवाडीचं पाणी, आणि आपल्याच टाकीत येऊन आपलंच अ‍ॅव्हरेज कमी करायलंय, काय बोलणार.) जुनी गाडी असेल तर रबरी पाईप आणि सील एकदा तपासून घ्या, आणि गाडी पावसाळ्यात महिना महिना उभी ठेवू नका, इथेनॉल पाणी ओढतं.

आणि खरं सांगू का, प्रीमियम का साधं ह्यापेक्षा कोणत्या पंपावर टाकतो हे जास्त महत्त्वाचं. शंका आली तर पंपावर फिल्टर पेपर मागायचा, तो ठेवावाच लागतो, नळीचं तोंड पुसून एक थेंब टाकायचा, उडून गेल्यावर डाग राहिला तर भेसळीचा संशय घ्यायचा. माप कमी वाटलं तर वैधमापनचा, म्हणजे वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, शिक्का असलेलं पाच लिटरचं माप मागायचं. मागताना आवाज चढवायची गरज नाही, नुसतं माप मागितलं तरी मॅनेजर केबिनमधून उठून बाहेर येतो.

डिझेलवाल्यांचं थोडक्यात, तिथं ऑक्टेन नसतो, सीटेन असतो, म्हणजे डिझेल किती पटकन पेटतं त्याचा आकडा, बीएस-६ च्या साध्या डिझेलचा तो कमीत कमी ५१ असतोच, तेव्हा जीपड्याला प्रीमियम डिझेल टाकण्याआधी फिल्टरखालचं पाणी सोडत जा. शंभर सीसीच्या टूव्हीलरला तर विचारूच नका. मेव्हण्यांनी मधे नवीन टर्बो घेतली, त्याच्या झाकणावर ९५ शिफारस लिहिलंय, ते म्हणाले आता काय करू. म्हणलं पाहुणे, साध्यावर तीन टाक्या मोजा, प्रीमियमवर तीन मोजा, डायरी मी देतो.