नोकरी, मुलं आणि व्यायाम: घरातल्या वेळेची वाटणी कशी बसवायची

वेळच मिळत नाही हे मी चार वर्षं म्हणत होते आणि ते खोटं नव्हतं. मुलगा आता तिसरीत आहे, मुलगी साडेतीन वर्षांची, आम्ही दोघंही नोकरी करतो, राहायला पुण्यात कोथरूडला आणि माझं ऑफिस हिंजवडीला, म्हणजे चांदणी चौकातून हायवेने जाऊन-येऊन रोजचे दोन तास रस्त्यातच जातात. या काळात मी दोनदा जिमची वर्षाची फी भरली आणि दोन्ही वेळा दीड महिन्याच्या पुढे जमलं नाही. नंतर लक्षात आलं की मी उरलेल्या वेळात व्यायाम बसवायला बघत होते, आणि उरलेला वेळ घरातलं कुणीही कधीही मागू शकतं, त्यात कुणाची चूक नसते. व्यायामाची वेळ घरातल्या दोघांनी बसून ठरवली आणि वाटून घेतली तरच टिकते. आमच्याकडे गेली दोन वर्षं ती टिकलीये, म्हणून कसं बसवलं ते नीट सांगते.

आधी किती करायचंय ते माहीत पाहिजे. बऱ्याच जणांच्या डोक्यात रोज एक तास असं असतं आणि मग तास जमत नाही म्हणून काहीच होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशी आहेत की मोठ्या माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम करावा, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरदार, आणि शिवाय आठवड्यात किमान दोन दिवस ताकदीचा. मध्यम म्हणजे बोलता येतंय पण गाणं म्हणता येणार नाही इतपत दम लागला पाहिजे. जोरदार म्हणजे दोन-चार शब्द बोलले की श्वासासाठी थांबावं लागतं. आणि आधी असं सांगायचे की सलग १० मिनिटं झाली तरच मोजायचं, ती अट या शिफारशींत काढून टाकलीये. मला याचा फार आधार वाटला, कारण लहान मूल घरात असताना सलग अर्धा तास मिळणं हीच खरी अडचण असते, आणि चार मिनिटं जिना चढलात तरी ती चार मिनिटं हिशोबात येतात.

मग एक आठवडा फक्त लिहून काढा. काही बदलायचं नाही, रोज कुठला अर्धा तास कशात गेला तेवढं मोबाइलमध्ये टिपायचं, दोघांनीही. माझ्या यादीत तीन गोष्टी दिसल्या. सकाळी पावणेसहा ते साडेसहा घर शांत असतं, मुलगा साडेसहाला उठतो, सव्वासातला पोळ्यांच्या मावशी येतात. संध्याकाळी आठवड्यातून दोनदा मुलाच्या क्लासबाहेर मी पाऊण तास खुर्चीत बसून असते. आणि रात्री दहानंतर अंथरुणात मोबाइल बघण्यात पाऊण तास, कधी तास. हा तिसरा वेळ व्यायामाला द्यायचा नाहीये, तो झोपेला द्यायचाय, कारण सकाळचा पाऊण तास तिथूनच येतो. झोप कापून व्यायाम करायला गेलात तर दोन आठवड्यांत आजारी पडाल किंवा चिडचिड करत सोडून द्याल. मोठ्या माणसाला सात तास तरी झोप लागते, त्याच्या खाली जाऊ नका. मी सव्वादहाला झोपते तेव्हाच साडेपाचचा गजर झेपतो, आणि ज्या रात्री मुलीला ताप असतो किंवा ती तीनदा उठते त्या दिवशी गजर बंद करून सरळ झोपते.

आता वाटणी. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळ माझी. मंगळवार, गुरुवार, शनिवार नवऱ्याची. रविवार सगळ्यांचा. हे कागदावर लिहून फ्रिजला लावलंय, आणि लावणं गरजेचं आहे कारण तोंडी ठरलेलं पहिल्याच गडबडीच्या सकाळी विसरलं जातं. ज्याची सकाळ नाही त्याने मुलांचं सगळं बघायचं, म्हणजे दूध, डबा, आंघोळ, युनिफॉर्म, व्हॅनपर्यंत सोडणं सगळं, आणि मोजे कुठेत, डब्यात काय देऊ असले प्रश्न व्यायाम करणाऱ्याला विचारायचे नाहीत. पहिले तीन आठवडे नवऱ्याला डब्याचं जड गेलं आणि मला आतून सारखं उठून मदत करावीशी वाटायची, ते मी मुद्दाम केलं नाही. एकदा तुम्ही उठून गेलात की ती सकाळ परत तुमच्याकडे उरलेल्या वेळेसारखीच होते. बायकांना हे मी जरा जोर देऊन सांगेन, कारण आपल्याला घरातलं काम दिसत असताना सतरंजीवर पडून प्लँक (कोपरं आणि पायाची बोटं टेकवून शरीर सरळ धरून ठेवणं) करणं अवघड वाटतं, अपराधी वाटतं, पण तिथे थांबा.

घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारून एखादी सकाळ मागा, पण सगळ्या सकाळी त्यांच्यावर टाकू नका, त्यांनाही फिरायला जायचं असतं. आणि जोडीदार परगावी असेल किंवा मुलं एकट्याने वाढवत असाल तर सोसायटीत तुमच्यासारखंच कुणी शोधा, एक दिवस त्यांची मुलं तुमच्याकडे आणि एक दिवस तुमची त्यांच्याकडे. माझी एक मैत्रीण असंच करते, शनिवार-रविवार मिळून तिला दोन तास मोकळे मिळतात आणि त्यावर तिचा निम्मा आठवडा निघतो.

आदल्या रात्री दहा मिनिटं लागतात ती द्या. भाजी चिरून ठेवणं, दप्तर भरून दाराशी ठेवणं, व्यायामाचे कपडे बाथरूममध्ये टांगून ठेवणं, सतरंजी हॉलमध्ये काढून ठेवणं. सकाळी अंधारात कपाट वाजलं की मुलगी उठते आणि मग सगळं संपतं, म्हणून हे आदल्या रात्रीचं मी कधी चुकवत नाही.

माझ्या तीन सकाळी मी घरातच ताकदीचा व्यायाम करते, कारण यायला-जायला वेळ जात नाही आणि मुलं उठली तरी समोर असतात. पाच प्रकार, तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीनंतर मिनिटभर थांबायचं, सगळं मिळून पंचवीस-तीस मिनिटं. पहिला बैठका, मागे खुर्ची आहे असं समजून कंबर मागे नेत खाली जायचं, टाचा जमिनीवर, गुडघे आत पडू द्यायचे नाहीत, दहा-बारा. सुरुवातीला खरीच खुर्ची ठेवा आणि तिला टेकून उठा. दुसरा जोर, पण एकदम जमिनीवर नको, आधी भिंतीला हात टेकून, ते पंधरा सहज झाले की स्वयंपाकाच्या ओट्याला, मग पलंगाच्या कडेला आणि मग जमिनीवर, हात जेवढे खाली तेवढं वजन जास्त येतं. मला भिंतीपासून जमिनीपर्यंत यायला सात महिने लागले. तिसरा ओढण्याचा, हा लोक हमखास सोडतात आणि आपल्यासारख्या दिवसभर लॅपटॉपसमोर खांदे पुढे पाडून बसणाऱ्यांना तोच सगळ्यात जास्त लागतो. पाच लिटरचा पाण्याचा कॅन घ्या, एक हात खुर्चीवर टेकवून पाठ सरळ ठेवून वाका आणि दुसऱ्या हाताने कॅन कमरेकडे ओढा, दोन्ही बाजूंनी दहा-दहा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे वजन कमी-जास्त करायला डंबेल विकत घ्यावे लागत नाहीत. चौथा, पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर वर उचलायची, वर दोन सेकंद थांबायचं, बारा-पंधरा. पाचवा प्लँक, वीस सेकंदांपासून सुरू करा, कंबर खाली पडली की थांबा.

यात एक नियम पाळा, शेवटचे दोन आकडे, म्हणजे दहा वेळा करत असाल तर नववी आणि दहावी वेळ, जड गेले पाहिजेत. पंधरा सहज होत असतील तर वजन वाढवायची वेळ झालीये, मी बैठकांना मुलाचं भरलेलं दप्तर छातीशी धरते. वर्षभर तेच वजन आणि तेच दहा आकडे करत राहिलात तर शरीराला ताकद वाढवायचं काही कारणच उरत नाही. सूर्यनमस्कार येत असतील तर शुक्रवारी तेच करा, शाळेत शिकलेले असतात त्यामुळे नव्याने काही शिकावं लागत नाही, मला बारा घालायला सहा-सात मिनिटं लागतात आणि चोवीसला चांगला घाम येतो. फक्त सूर्यनमस्कारात ओढण्याचा भाग येत नाही, म्हणून शेवटी कॅनच्या दोन फेऱ्या करतेच.

एक थांबून सांगायचंय. बाळंतपणाला वर्ष झालं नसेल, सिझेरियन असेल, खोकताना किंवा उडी मारताना लघवी होत असेल, तर आधी डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा आणि दोरीउड्या, पोटाचे व्यायाम वगैरे त्यांनी सांगेपर्यंत नको. हे लपवून ठेवायचं दुखणं नाही, त्यावर व्यायामच असतात आणि बऱ्याच जणींना फरक पडतो. बीपी, शुगर, हृदयाचा त्रास, गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तरी आधी विचारा. चालताना छातीत दाबल्यासारखं झालं तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टर गाठायचे.

दम लागणारा व्यायाम मी आठवड्यात विखुरून टाकलाय. मुलाच्या क्लासबाहेरची खुर्ची सोडली, पंचेचाळीस मिनिटांत पस्तीस मिनिटं आजूबाजूच्या गल्ल्यांतून भरभर चालते, दोन दिवस मिळून सत्तर मिनिटं इथेच झाली. ऑफिसमध्ये जेवण झाल्यावर दहा मिनिटं आणि लिफ्टऐवजी जिना. ज्यांच्या कंपनीत जिम आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट, सहाला हिंजवडीतून निघून वाकडपर्यंत पहिल्या गिअरमध्ये बसण्यापेक्षा ज्या दिवशी मुलांना आणायची पाळी जोडीदाराची असेल त्या दिवशी चाळीस मिनिटं तिथेच व्यायाम करा आणि मग निघा, घरी पोचायला फार उशीर होत नाही. मेट्रोने जाणाऱ्यांना स्टेशनचे जिने आहेतच, सरकता जिना शेजारी असला तरी.

रविवारी टेकडी. पुण्यात राहून हे फुकट मिळतंय ते सोडू नका. आम्ही पौड रोडच्या बाजूने एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या रस्त्याला लागून वेताळ टेकडीवर जातो, सकाळी मोरांचे आवाज येतात त्यामुळे मुलगा कुरकुर न करता चढतो, मुलगी अर्धी चालते आणि अर्धी पाठीवर असते, तिचं चौदा किलो घेऊन चढणं हा नवऱ्याचा आणि माझा आळीपाळीने व्यायाम. सहकारनगर-धनकवडीकडच्यांना तळजाई, डेक्कनकडच्यांना हनुमान टेकडी, आणि ज्यांच्याकडे वीसच मिनिटं आहेत त्यांच्यासाठी पर्वती, १०३ पायऱ्या आहेत, भरभर चढून सावकाश उतरायचं, तीन-चार वेळा केलं की पाय आणि दम दोन्हीचं काम होतं. मुलं जरा मोठी झाली की महिन्यातून एकदा आतकरवाडीतून सिंहगड. एप्रिल-मेमध्ये सातच्या आत खाली उतरलेलं बरं. जून ते सप्टेंबर टेकडीवरची वाट आणि दगड निसरडे होतात, त्या काळात आम्ही बिल्डिंगचा जिना धरतो, पाच मजले चढून लिफ्टने खाली, असं आठ वेळा. उतरताना लिफ्ट घेते कारण जिना उतरताना माझे गुडघे बोलतात.

मुलांबरोबर खेळणं यात मोजायचं का, तर दम लागला तर नक्की मोजा. पाच ते सतरा वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी एक तास हालचाल हवी असते आणि पार्किंगमध्ये अर्धा तास लंगडी, पकडापकडी, डोंगर-पाणी खेळलात तर दोघांचंही काम होतं. बागेत बाकावर बसून झोका देणं मात्र धरू नका. ताकदीच्या व्यायामाची भरपाई खेळातून होत नाही, ते दोन-तीन दिवस वेगळेच ठेवावे लागतात.

आठवडे मोडणारच. आमच्याकडे गणपतीत, दिवाळीत, मुलाच्या परीक्षेत आणि माझ्या प्रोजेक्टच्या डेडलाइनला मोडतात, शिवाय पावसाळ्यात घरात एकामागून एक सगळ्यांना सर्दी-ताप. त्यासाठी छोटा व्यायाम आधीच ठरवून ठेवा, माझा आहे बैठका, ओट्याला जोर आणि कॅन यांच्या दोन फेऱ्या, दहा मिनिटं, गरज पडली तर कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत स्वयंपाकघरातच. व्यायामाच्या सलग दोन सकाळी चुकल्या की तिसऱ्या दिवशी हा छोटा तरी करतेच. गणपतीत मुलांना घेऊन पेठांमधले देखावे बघायला दोन-तीन तास चालणं होतं, त्या आठवड्यात तेच धरायचं. आजारपणामुळे दहा-बारा दिवस खंड पडला तर आधीचं वजन लगेच उचलू नका, निम्म्यापासून सुरू करा आणि दोन आठवड्यांत परत तिथे या. मी हे एकदा पाळलं नाही आणि पाठ धरली, ती तीन आठवडे सुटली नाही.

फ्रिजवरचा कागद दर महिन्याला आम्ही बदलतो, शाळेच्या वेळा बदलतात, कुणाच्या शिफ्ट बदलतात. महिन्याच्या शेवटच्या रविवारी टेकडीवरून उतरल्यावर चहा घेताना दहा मिनिटांत होतं. मुलाने मागच्या महिन्यात स्वतःचं नाव शनिवारच्या चौकोनात लिहिलं, त्यामुळे आता शनिवारी बाबाबरोबर तोही सहाला उठतो आणि ओटा उंच पडतो म्हणून खुर्चीला टेकून जोर काढतो.