३०० मीटरवरचा चेहरा ओळखताना: लेन्स, हवा आणि यादी

लष्करी तळाच्या कुंपणापासून ३०० मीटरवर चालणारा माणूस आपल्या संशयितांच्या यादीत आहे का, हे चेहऱ्यावरून ठरवायचे असेल तर सॉफ्टवेअर शेवटी निवडा. आधी लेन्सचा हिशेब करा.

प्रौढ माणसाच्या दोन बाहुल्यांमधले अंतर साधारण ६३ मिलिमीटर असते. भरवशाच्या जुळणीसाठी तेवढ्यात ६० पिक्सेल बसावेत, म्हणजे मीटरमागे सुमारे ९५०. सीसीटीव्हीच्या २०१४च्या आंतरराष्ट्रीय मानकात ओळख पटवण्यासाठी मीटरमागे २५० पिक्सेल सांगितले आहेत, पण तो आकडा पडद्यावर चित्र पाहून ओळखणाऱ्या माणसासाठी आहे, सॉफ्टवेअरसाठी नाही. त्या हिशेबाने डोळ्यांमध्ये जेमतेम १६ पिक्सेल येतात. निविदेत बऱ्याचदा हाच आकडा घातला जातो आणि सगळी यंत्रणा तिथेच फसते.

सेन्सरच्या एका पिक्सेलचा आकार, अंतर आणि मीटरमागचे पिक्सेल यांचा गुणाकार केला की फोकल लेंथ, म्हणजे लेन्स दूरचे किती मोठे दाखवते त्याचे माप, मिळते. २.९ मायक्रॉनच्या पिक्सेलला ती सुमारे ८२५ मिलिमीटर भरते. पुढच्या काचेचा व्यास किमान १०० मिलिमीटर हवा. काच लहान असेल तर प्रकाशाच्या विवर्तनामुळे (कडेपाशी पसरण्यामुळे) तपशील आधीच पुसला जातो. मग टेलिकन्व्हर्टर, म्हणजे चित्र मोठे करणारे जोडभिंग, लावून चित्र मोठे होते, स्पष्ट होत नाही.

१९२० पिक्सेल रुंदीच्या चौकटीत आता फक्त दोन मीटर मावतात. आडवा चालणारा माणूस दीड सेकंदात बाहेर जातो. म्हणून शेजारी रुंद कोनाचा दुसरा कॅमेरा लावा; तो माणूस शोधेल आणि लांब लेन्स तिकडे वळवेल. शटर १/१५०० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा. कॅमेऱ्यासाठी वेगळा काँक्रीटचा खांब उभारा. पहारेकरी ये-जा करतात त्या मनोऱ्यावर कॅमेरा बसवला तर प्रत्येक पावलागणिक चित्र हलते.

खरा शत्रू हवा आहे. तापलेल्या जमिनीवरून झळा उठतात तेव्हा एकाच फ्रेममध्ये डावा डोळा खाली सरकलेला, नाक पसरलेले आणि हनुवटी दुभंगलेली दिसते. राजस्थानच्या वाळवंटात मे महिन्याच्या दुपारी कितीही महाग लेन्स लावली तरी असेच होईल. कॅमेरा सात-आठ मीटर उंचीवर न्या. झळांचा जोर जमिनीलगत सर्वाधिक असतो. सूर्योदयानंतर आणि सूर्यास्ताआधी काही काळ हवा बरीच शांत असते, महत्त्वाच्या नोंदी तेव्हाच घ्या. एरवी सेकंदाला ६० फ्रेम घेऊन त्यांतल्या सर्वांत स्पष्ट मोजक्याच जुळणीला पाठवा. सगळ्यांची सरासरी काढू नका, तिने चेहरा गुळगुळीत होतो.

चेहरा मिळत नसेल तर चाल पाहा. तिला कमी पिक्सेल लागतात, पण सलग दोन-तीन सेकंद पूर्ण आकृती दिसायला हवी. पाठीवरचे ओझे, जाड कोट आणि बूट बदलले की चाल बदलते, त्यामुळे तिला पुरवणी पुरावाच माना. अमेरिकी लष्कराच्या ‘जेटसन’ या लेसर उपकरणाची माहिती २०१९ मध्ये बाहेर आली. ते २०० मीटरवरून हृदयाच्या ठोक्यांची कंपने टिपते, पण माणूस सुमारे अर्धा मिनिट स्थिर हवा आणि अंगात जाड कोट नको.

आता यादीचे गणित. यादीत १००० चेहरे, रोज जाणारे ५००० लोक, म्हणजे ५० लाख तुलना, आणि लाख तुलनांत एक चुकीची जुळणी धरली, तरी दिवसाला ५० निरपराध माणसांवर बोट जाते. म्हणून यादी लहान ठेवा. जुळणी आली की दोन माणसांनी स्वतंत्रपणे फोटो ताडावेत आणि मग नाक्यावर बोटांचे ठसे किंवा बुबुळ तपासावे. केवळ दुरून आलेल्या जुळणीवर शस्त्र चालवण्याचा निर्णय कधीही घेऊ नका.

मूळ नोंदी नाक्यावरच्या यंत्रात ठेवू नका. २०२१च्या ऑगस्टमध्ये अफगाणिस्तानात अमेरिकी सैन्याची हातातली बायोमेट्रिक यंत्रे तालिबानच्या हाती पडल्याच्या बातम्या आल्या होत्या. यंत्रात फक्त कूटबद्ध साचे (चेहऱ्याचे किंवा ठशाचे आकड्यांतले वर्णन) असावेत, आणि तळ सोडताना ते पुसण्याची जबाबदारी एका नेमक्या अधिकाऱ्यावर लेखी सोपवलेली असावी.