जुना करार म्हणजे तनाख नव्हे: यहुदी आणि ख्रिस्ती शास्त्रवाचनाच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्यांसाठी

माझ्या पहिल्या निबंधाच्या समासात सरांनी पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले होते: ‘कोणाच्या क्रमाने?’ मी ठोकून दिलं होतं की जुना करार मलाखी या संदेष्ट्याच्या पुस्तकाने, एलीया संदेष्टा येणार या आश्वासनाने संपतो आणि म्हणूनच तो आपोआप नव्या कराराकडे नेतो. नगरकडच्या ख्रिस्ती घरात वाढलेल्या मला यात खोट दिसणार कशी? आमच्या घरच्या पवित्र शास्त्रात मलाखीचं पान उलटलं की मत्तय, म्हणजे नव्या कराराचं पहिलं पुस्तक, येतो.

यहुद्यांचा ग्रंथ तनाख. तोरा (नियमशास्त्र), संदेष्टे आणि लेख असे त्याचे तीन भाग. छापील तनाखमध्ये मलाखी मधेच येऊन जातो आणि शेवटचं पुस्तक असतं इतिहास. त्याची अखेर पारसाचा राजा कोरेश याच्या फर्मानावर: ज्याला जायचं आहे त्याने यरुशलेमला वर जावं. म्हणजे एक ग्रंथ कुणाची तरी वाट पाहत मिटतो आणि दुसरा घरी परतायला सांगत. मोजणीही वेगळी. प्रॉटेस्टंट जुन्या करारात ३९ पुस्तकं, तनाखमध्ये २४, कारण तिथे बारा लहान संदेष्टे मिळून एक पुस्तक होतं, दोन शमुवेल, दोन राजे आणि दोन इतिहास एकेक धरतात आणि एज्रा-नहेम्या एकत्र. कॅथलिकांकडे ४६. तेव्हा ‘बायबलमध्ये म्हटलंय’ असं लिहिण्याआधी जरा थांबा.

वचनांच्या क्रमांकांनीही सुरुवातीला मला रडवलं. नाताळात ऐकतो ते ‘आम्हांसाठी बाळ जन्मला आहे’ हे वचन आपल्याकडे यशया ९:६, हिब्रू प्रतीत ९:५. स्तोत्रांमध्ये बऱ्याचदा वरचं शीर्षक हेच पहिलं वचन धरतात, त्यामुळे पुढचं सगळं एकाने सरकतं. एकदा मी अख्खी संध्याकाळ भलत्याच वचनावरचं भाष्य वाचत बसले होते आणि भाष्यकारालाच मनातल्या मनात बोल लावत होते.

नवीन मुलं मला विचारतात, कुठून सुरू करू? यहुदी आणि ख्रिस्ती संबंधांचा इतिहास असं जाडजूड पुस्तक घेऊन बसू नका. एक वचन धरा आणि त्याच्या मागे शतकांमधून चालत जा. माझ्यापुरतं ते वचन होतं यशया ७:१४.

आधी ते वचन आहे तिथे वाचायचं. इसवी सनापूर्वी ७३५च्या सुमारास यहूदाचा राजा आहाज घाबरलेला आहे, कारण अराम आणि इस्राएल हे दोन शेजारी एकत्र येऊन चाल करून आले आहेत. यशया त्याला चिन्ह देतो: ही ‘आल्मा’ गर्भवती आहे किंवा होईल, मुलाचं नाव इम्मानुएल ठेवील, आणि त्या पोराला बरंवाईट कळायच्या आत हे दोन्ही राजे संपलेले असतील. आल्मा म्हणजे तरुणी. कौमार्य नेमकं सांगायला हिब्रूत ‘बेथूला’ हा जवळचा शब्द आहे. ग्रीक भाषांतर करणाऱ्या यहुद्यांनी इथे ‘पार्थेनोस’, म्हणजे सहसा कुमारी, लिहिलं आणि मत्तयाने तेच येशूच्या कुमारी आईसाठी उचललं. झालं, भांडण उभं राहिलं.

इथे दोन्ही बाजूंचे उत्साही लोक घाई करतात. एक म्हणतो, मत्तयाने खोटं लिहिलं. दुसरा म्हणतो, यहुद्यांनी अर्थ दडवला. तुम्ही शब्दकोश उघडा. उत्पत्ती २४मध्ये रिबकेला आधी बेथूला आणि मग आल्मा म्हटलंय, आणि ग्रीकमध्ये दोन्हीकडे पार्थेनोस आहे. उत्पत्ती ३४मध्ये दीनावर बलात्कार झाल्यानंतरही ग्रीक मजकूर तिला पार्थेनोसच म्हणतो. म्हणजे ग्रीक शब्दही आपण समजतो तितका घट्ट नाही. दुसऱ्या शतकात अक्विलाने यहुद्यांसाठी नवं ग्रीक भाषांतर केलं तेव्हा त्याने मुद्दाम ‘नेआनिस’, म्हणजे तरुणी, हा शब्द घातला. तोवर पार्थेनोस हा शब्द ख्रिस्ती गोटातला होऊन बसला होता. मराठीत आपण ‘कुमारी’ वाचतो. अविवाहित मुलीच्या नावामागेही लागणारा हा शब्द दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभा आहे, असं मला नेहमी वाटतं.

मग भाष्यकार. जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाच्या दुसऱ्या शतकातल्या संवादात त्रिफो हा यहुदी म्हणतो की हा मुलगा म्हणजे आहाजचा मुलगा हिज्कीया. अकराव्या शतकातला यहुदी भाष्यकार राशी, फ्रान्समधल्या त्र्वा गावचा, हे मत खोडून काढतो, आणि तेही साध्या वजाबाकीने. आहाजने १६ वर्षं राज्य केलं, हिज्कीया २५व्या वर्षी गादीवर आला, म्हणजे आहाज राजा झाला तेव्हा पोरगा ९ वर्षांचा होता. मग तो आता कसा जन्मणार? राशीच्या मते ही तरुणी यशयाची बायको. हे वाचलं तेव्हा मी वही काढून स्वतः गणित करून पाहिलं. यहुदी परंपरा म्हणजे एकमुखी उत्तर, ही समजूत त्या दिवशी गेली. तिथे एकमेकांना खोडणं हाच वाचनाचा रीतिरिवाज आहे.

राशी वाचायचा तर ‘मिक्राओत गदोलोत’, म्हणजे टीकांसह छापलेलं हिब्रू बायबल, उघडावं लागतं. आपल्या जुन्या पोथ्यांची सवय असलेल्याला ते पान परकं वाटत नाही: मधे मूळ, भोवती टीका. हे पान आजच्या रूपात आलं १५२४-२५मध्ये व्हेनिसमध्ये, आणि छापणारा डॅनिएल बोंबर्ग ख्रिस्ती होता! आता सेफारिया या संकेतस्थळावर ते फुकट मिळतं, इंग्रजी भाषांतरासह. पण भाषांतरावर विसंबून राहू नका. हिब्रू आधी शिका, ग्रीक नंतर. मी उलट केलं आणि दोन वर्षं सगळं ग्रीकच्या खिडकीतून पाहत राहिले.

मत्तयावर रागावण्याआधी मृत समुद्राकाठच्या कुमरानची जुनी यहुदी चर्मपत्रं पाहा. १९४७पासून सापडू लागलेल्या या साठ्यात हबक्कूक या संदेष्ट्यावरचं एक भाष्य आहे. त्यात संदेष्ट्याने खास्द्यांबद्दल, म्हणजे बाबेलच्या लोकांबद्दल, लिहिलेलं सरळ ‘कित्तीम’ना, म्हणजे रोमनांना, लावलं आहे. जुनं वचन उचलायचं आणि आजच्या घटनेवर ठेवायचं. होशेय ११:१मधलं ‘मिसरातून मी माझ्या पुत्राला बोलावलं’ हे वाक्य इस्राएल राष्ट्राबद्दल आहे. मत्तय ते बाळ येशूला लावतो. ही रीत ख्रिस्त्यांनी शोधलेली नाही. मत्तय त्या काळच्या यहुद्यासारखाच वाचतो आहे.

ही देवाणघेवाण पुढेही चालू राहिली, पण कडू झाली. बाराव्या शतकात पॅरिसच्या सेंट व्हिक्टर मठातला अँड्र्यू यहुदी पंडितांकडे विचारपूस करायचा. आपल्या वचनाचा यहुद्यांनी सांगितलेला शब्दार्थ त्याने लिहून ठेवला आणि खोडला नाही. त्याच मठातल्या रिचर्डने त्याच्याविरुद्ध ग्रंथ लिहिला. त्याच पॅरिसमध्ये १२४०मध्ये तालमूदवर, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथावर, खटला चालला आणि १२४२मध्ये गाड्या भरभरून हस्तलिखितं जाळली गेली. चौदाव्या शतकात निकोलस ऑफ लायरा या ख्रिस्ती भाष्यकाराने राशीचा भरपूर आधार घेतला. लायरा मार्टिन ल्यूथरने, प्रॉटेस्टंट सुधारणेच्या पुढाऱ्याने, वाचला. म्हणजे राशीचं बोट धरून आलेलं ज्ञान ज्याच्या टेबलावर होतं त्याच ल्यूथरने १५४३मध्ये यहुद्यांची सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळं, जाळा असं लिहिलं. हे शिकवताना अजूनही माझा आवाज बदलतो. अर्थ लावण्याची गोष्ट आणि माणसं मारण्याची गोष्ट इथे वेगळ्या खोल्यांत ठेवता येत नाहीत. कॅथलिक चर्चने ‘नोस्त्रा एताते’ हे घोषणापत्र काढून येशूच्या मृत्यूचा दोष सरसकट यहुद्यांवर टाकणं अधिकृतपणे नाकारलं, तेही २८ ऑक्टोबर १९६५ला.

‘आई धर्म आणि लेक धर्म’ ही उपमा निबंधात टाळा. आज आपण पाहतो तो रब्बींचा (यहुदी धर्मगुरूंचा) यहुदी धर्म इ. स. ७०मध्ये यरुशलेमचं मंदिर पडल्यानंतर आकाराला आला, त्यांच्या नियमांचा संग्रह मिश्ना २००च्या सुमाराची. दोघं एकाच पडझडीतून बाहेर पडलेत.

नोकरीचं विचाराल तर जागा कमी आहेत. सेमिनरीत (पाळक घडवणाऱ्या विद्यालयात) शिकवणं, बायबल भाषांतराची कामं, ग्रंथालयं, थोडंफार संपादन. मला पहिली चार वर्षं इंग्रजीच्या शिकवण्यांनी जगवलं. पण मराठीत काम पडलेलं आहे, आणि त्याला वाडवडील आहेत. जॉन विल्सन या मिशनऱ्याने १८३२मध्ये हिब्रू व्याकरण मराठीत काढलं, कोकणातल्या बेने इस्राएल यहुद्यांसाठी. धर्मांतरं फारशी झाली नाहीत, हिब्रू मात्र शिकली गेली. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. ते त्यांच्या निधनानंतर १९२४मध्ये पूर्ण छापून आलं.

आणि लोकांशी बोला. अलिबागकडच्या एका वृद्ध बेने इस्राएल काकांना मी एकदा मोठ्या तयारीने विचारलं, “काका, यशया सात-चौदाचं तुमच्याकडे काय सांगतात?” त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, “ते आमच्या वाचनात येतच नाही गं.” मला वाटलं, टाळतायत. घरी येऊन हफ्ताऱ्यांचा, म्हणजे शब्बाथला (शनिवारी) तोरानंतर वाचायच्या संदेष्ट्यांच्या उताऱ्यांचा, तक्ता काढला. तोरातला ‘यित्रो’ हा भाग वाचतात त्या शब्बाथला सेफार्दी (मूळ स्पेनकडच्या यहुद्यांच्या) प्रथेत यशयाचा सहावा अध्याय वाचून थांबतात. अश्केनाझी, म्हणजे मूळ जर्मनी-पोलंडकडचे यहुदी, ७:६पर्यंत येतात आणि तिथून थेट नवव्या अध्यायावर उडी मारतात. मग सहज ५३वा अध्याय शोधला, शुभ शुक्रवारी आमच्याकडे वाचतात तो. एका शब्बाथला वाचन ५२:१२ला संपतं, पुढच्या शब्बाथला ५४:१पासून सुरू होतं.